दुसरी ओळ

कामरगावच्या अभ्यासिकेतला कम्प्युटर दौलतसिंगकाका वाचून चालवत नसत, मोजून चालवत. ही गोष्ट गावात एकट्या धम्मदीपाला माहीत होती आणि तिनं ती कुणाला सांगितली नव्हती.

काका एसटीत तीस वर्षं कंडक्टर होते. तेव्हा तिकिटांची पेटी असायची, तिच्यात वेगवेगळ्या भाड्यांची तिकिटं रांगेनं खोचलेली. मान प्रवाशाकडे आणि बोट पेटीवर, तरी चुकीचं तिकीट कधी निघालं नाही. निवृत्तीनंतर गावानं त्यांना अभ्यासिका सांभाळायला दिली, आणि कम्प्युटरही त्यांनी त्याच बोटाच्या हिशेबानं शिकून घेतला. फायलीवर माउसचं उजवं बटण दाबायचं, एक यादी उघडते, तिच्यातली वरून दुसरी ओळ प्रिंटची. यादी इंग्रजीत असते, पण काकांचं इंग्रजीवाचून अडत नव्हतं. 'एक, दोन' असे ओठ हलायचे आणि प्रिंटर घरघरायला लागायचा. धम्मदीपानं ते हलणारे ओठ पाहिले होते. तिला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. काम होत होतं ना, झालं तर मग.

धम्मदीपा अकरावीला. रोज बसनं कारंज्याच्या कॉलेजात जायची, आणि शनिवार-रविवारी दुपारी दोन ते चार गावातल्या आणखी चार मुलींना घेऊन अभ्यासिकेत कम्प्युटरवर बसायची. हे दोन तास सुखासुखी मिळाले नव्हते. दोन वर्षं अर्ज केले, दोन ग्रामसभांत उभं राहून विचारलं, तेव्हा कुठे अभ्यासिकेच्या समितीनं 'मुलींची वेळ' म्हणून भिंतीवर कागद लावला. बाकी सगळा वेळ भरतीचा अभ्यास करणाऱ्या पोरांचा.

त्या शनिवारी तिनं कम्प्युटरवर एक कोड एडिटर टाकला. प्रोग्राम लिहायची वही म्हणा ना, फुकट मिळणारी. तसं काकांना विचारूनच टाकला. "शिकाचं हाय ना? टाक," असं काका पेपरातून मान न काढता म्हणाले होते. मुलींनी पहिलाच प्रोग्राम लिहिला, गावातल्या आडनावांची यादी अक्षरांच्या क्रमानं लावून देणारा. यादी बरोबर लागली तेव्हा सपना, जिच्या घरी अजून कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, ती खुर्चीवरून उठून उभीच राहिली. जाता जाता तिनं आपला अर्जाचा फोटोही तिथंच छापून घेतला, आणि चार वाजता पोरी घरी गेल्या.

रविवारी सकाळी आठ वाजता पोरांची सराव परीक्षा असे. अकोल्याला नोकरीला लागलेला एक जुना विद्यार्थी दर आठवड्याला प्रश्नपत्रिका साध्या टेक्स्ट फायलीत टाइप करून पाठवायचा. काका ती छापायचे. चाळीस पोरं पेन उघडून बसलेली, काकांनी फायलीवर उजवं बटण दाबलं, ओठ हलवले, दुसरी ओळ दाबली.

आणि पडदा काळा झाला.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत प्रश्न, डाव्या बाजूला आकड्यांची रांग, आणि प्रिंटर गप्प. काकांनी ते बंद करून पुन्हा केलं, पुन्हा काळं. मग मागच्या तीन वर्षांच्या सगळ्या फायली एकदम निवडून दुसरी ओळ दाबून पाहिली, तर त्याच काळ्या खिडकीत एकामागून एक सगळ्या फायली उघडत गेल्या. "व्हायरस घुसला बाप्पा," असं कुणीतरी म्हणालं, आणि काकांनी भिंतीतली पिनच उपसली. परीक्षा बुडाली. पोरांत कुजबुज सुरू झाली, काल कोण बसलं होतं, काल पोट्ट्या बसल्या होत्या. नऊ वाजेपर्यंत ही बातमी समितीचे अध्यक्ष भागवतराव यांच्या गोठ्यापर्यंत पोचली, आणि दहा वाजता मुलींच्या वेळेचा कागद भिंतीवरून खाली आला.

भागवतराव तसे वाईट गृहस्थ नव्हते. अभ्यासिकेच्या पंख्यांसाठी त्यांनी स्वतः खटपट केली होती. पण गावातला प्रत्येक प्रश्न कुणाच्या तरी सहीनं मिटतो अशी त्यांची पक्की समजूत होती. कारंज्याच्या कम्प्युटर दुरुस्तीवाल्याला त्यांनी फोन केला, तर तो म्हणाला, गुरुवारी येतो, सगळं पुसून नव्यानं टाकावं लागेल. मग भागवतरावांनी एक कागद आपल्या हातानं लिहिला आणि धम्मदीपाच्या घरी पाठवून दिला. मंगळवारी पाच वाजता समिती बसणार होती, तेव्हा सही करून आणायचा.

कागद आधी तिच्या आजोबांनी वाचला. उकंडराव छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. अंगणात हरभऱ्याचे घाटे सोलत बसले होते, हात पुसून त्यांनी चष्मा लावला.

'मी, कुमारी धम्मदीपा, हिने अभ्यासिकेचा संगणक बिघडवला, याबद्दल माफी मागते. यापुढे मी व इतर मुली संगणकास हात लावणार नाही.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला.

"हात लावणार नाही," ते हळूच म्हणाले. "सात वर्षांचा होतो तवा हे ऐकलं होतं मी. वरच्या आळीच्या विहिरीपाशी. पन तवा तोंडी होतं बाई. लिवून कोनी मांगतलं नव्हतं."

धम्मदीपानं कागद त्यांच्या हातातून घेतला. "मी सही करनार नाही, आबाजी."

तिला वाटलं होतं आजोबा शाबासकी देतील. ते पुन्हा घाटे सोलायला लागले. म्हणाले, सही करायची की नाही ते नंतर. आधी खरं काय ते पाहू. तू खरंच बिघडवलं असशील तर माफी मागायला लाज कसली? आणि बिघडवलं नसशील तर मग ब्रह्मदेव आला तरी सही नको. पण 'मी नाही केलं' असं नुसतं ओरडून उपयोग नाही, काय झालं ते सांगता आलं पाहिजे.

"मले कम्प्युटरातलं ढ कळत नाही," उकंडराव म्हणाले. "तू मास्तरीन हो, मी पयलीतला पोट्टा. सांग मले, पयले काय होतं आन आता काय हाय."

धम्मदीपा वही घेऊन बसली. पानाच्या एका बाजूला तिनं जुनी यादी काढली. टेक्स्ट फाइलवर उजवं बटण दाबलं की पहिली ओळ 'उघडा', दुसरी 'प्रिंट', तिसरी 'बदल करा'. दुसऱ्या बाजूला रविवारच्या सकाळची, जशी तिला पोरांकडून कळली तशी. पहिली 'उघडा', दुसरी 'नव्या एडिटरनं उघडा', आणि प्रिंट कुठेच नाही. काका मोजून दुसरी दाबत राहिले, आणि एडिटर उघडत राहिला. काळं दिसलं ते एवढ्याचसाठी, त्याचा पडदाच काळा असतो.

"म्हनजे दुसरी ओळ गेली कुठं?" पहिलीतल्या पोरानं विचारलं.

"तेच तं समजत नाही. मी काही पुसलं नाही."

"प्रिंट सगळ्याच फायलींची गेली का याच फायलींची?"

धम्मदीपानं पेन खाली ठेवलं. शनिवारी चार वाजता, एडिटर टाकून दोन तास झाल्यावर, सपनानं फोटो छापला होता. उजवं बटण दाबूनच. फोटोच्या यादीत प्रिंट होतं. म्हणजे प्रिंटर धड होता, कम्प्युटर धड होता, माउस धड होता. ओळ गेली ती फक्त टेक्स्ट फायलींची.

"मंग त्या फायलींचं त्या दिशी काही निराळं केलं का कोनी?"

तिनं शनिवारचे दोन तास मनात पुन्हा चालवून पाहिले. मग तिला आठवलं आणि तिचा चेहरा उतरला. आडनावांची यादी टेक्स्ट फायलीत होती. ती उघडताना कम्प्युटरनं विचारलं होतं, ही फाइल कशानं उघडू? तिनं एडिटर निवडला होता. खाली एक छोटी चौकट होती, 'अशा फायली नेहमी यानेच उघडा'. घाईत तिनं त्या चौकटीत खूण केली होती.

"मीच केलं आबाजी," ती म्हणाली. "चौकटीत एक खून केली. पन त्यानं प्रिंट कायले जाईल? मी तं फक्त उघडाचं सांगतलं होतं."

उकंडरावांनी उत्तर दिलं नाही, कारण त्यांना ते येत नव्हतं. आणि येत असतं तरी त्यांनी दिलं नसतं. त्यांची ती सवयच होती. समोर सोललेल्या हरभऱ्याचा ढीग वाढत गेला. शेजारी सेवादास आपलं वावर यंदा कुणाला बटईनं, म्हणजे अर्ध्या पिकावर कसायला, द्यायचं याचा वाद बायकोशी घालत होता. जुना बटईदार बरा होता, त्याच्याकडे पेरणीची स्वतःची तिफण होती, नव्याकडे पेरायला काहीच नाही, असं त्याची बायको तिसऱ्यांदा सांगत होती.

धम्मदीपा एकदम हसली. वही ओढून लिहायला लागली आणि लिहिता लिहिता बोलायला लागली. फाइल म्हणजे वावर. ती उघडणारा प्रोग्राम म्हणजे बटईदार. उजवं बटण दाबल्यावर जी यादी येते ती काही वावराची नसते, बटईदाराच्या अवजारांची असते. जुन्या साध्या नोटपॅडजवळ प्रिंटचं अवजार होतं, ते त्यानं यादीत मांडलं होतं. मी खूण केली आणि सगळ्या टेक्स्ट फायलींचा बटईदार बदलला. जुना गेला, जाताना आपली तिफण घेऊन गेला. वावर तिथंच आहे, एक ढेकूळसुद्धा हललं नाही.

"मंग काय करावं लागंल?"

"जुन्या बटईदाराले परत बोलवाचं. टेक्स्टचं वावर त्याले, आन माह्या प्रोग्रामाचं वावर नव्याले. दोघंही राहू शकतात. काही पुसाचं काम नाही."

उकंडराव उठले, धोतर झटकलं. म्हणाले, आता मला समजलं. म्हणजे तुलाही समजलं.

मंगळवारी पाच वाजता समितीचे पाच जण सतरंजीवर बसले होते. दौलतसिंगकाका कोपऱ्यात, कम्प्युटरजवळ, अपराध्यासारखे. दारात सपना आणि बाकीच्या मुली. भागवतरावांनी बसल्या जागेवरून हात पुढे केला.

"आन इकडं तो कागद. सही केली ना?"

"नाही केली," धम्मदीपा म्हणाली. "धा मिनिटं कम्प्युटर द्या, दुरुस्त करून दाखवते."

"पयले सही, मंग बाकीचं."

"सही केल्यावर हात लावता येनार नाही, असं तुमीच लिवलं. मंग दुरुस्त कोन करंल?"

सतरंजीवरच्या एका सदस्याला हसू आलं, त्यानं ते खोकल्यात घालवलं. भागवतराव तापले. एवढीशी पोरगी, मोठ्यांशी बोलायची ही पद्धत नव्हे, घरी हेच शिकवलं का, असं बरंच बोलले. तिनं ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की गुरुवारी कारंज्याचा माणूस येऊन सगळं पुसणार, त्यात तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका जाणार. माझ्या दहा मिनिटांत काहीच जाणार नाही. हे गणित सदस्यांना कळलं. पोरं त्यांच्याच घरातली होती.

"धा मिनिटं," त्यांच्यातला वयानं मोठा बाबूसिंग म्हणाला. भागवतरावांनी मान फिरवली.

धम्मदीपा खुर्चीवर बसली नाही. तिनं दौलतसिंगकाकांना बसायला सांगितलं. आधी फोटोवर उजवं बटण दाबा, म्हणाली. यादी आली, तिच्यात प्रिंट होतं. आता टेक्स्ट फायलीवर. नव्हतं. म्हणजे बिघाड कम्प्युटरात नाही, हे तिनं सतरंजीकडे वळून सांगितलं, आणि मग आपलं वावर आणि आपले बटईदार मांडले. समितीत कुणी असा नव्हता ज्याच्या वावराचा बटईदार एकदा तरी बदलला नव्हता. "असं हाय काय," असं बाबूसिंग दोनदा म्हणाला. पुढचं तिनं काकांच्या हातूनच करवून घेतलं. फायलीची माहिती उघडायची, 'कशाने उघडते' तिथं 'बदला' दाबायचं, नोटपॅड निवडायचं, ठीक आहे म्हणायचं. चारदा माउस दाबला, बस.

काकांनी पुन्हा उजवं बटण दाबलं. प्रिंट आपल्या जागी, दुसऱ्या ओळीत येऊन बसलं होतं. बुडालेली प्रश्नपत्रिका प्रिंटरमधून सरकत बाहेर आली.

भागवतरावांनी कागद हातात घेऊन पाहिला. पण हरल्यासारखं दिसणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून त्यांनी दुसरीकडे तोंड वळवलं.

"दौलतसिंग, एवढं साधं होतं तं तुमी वाचलं काहून नाही? प्रिंटच्या जागी दुसरंच लिवलं होतं ना समोर."

काकांची मान खाली गेली. धम्मदीपाला त्यांचे हलणारे ओठ आठवले. एका वाक्यात ती सगळं काकांवर ढकलून मोकळी होऊ शकत होती. समितीलाही ते आवडलं असतं.

"रोज एकाच जागी असते ते कोनी वाचत नाही, भागवतभाऊ," ती म्हणाली. "तुमी तुमच्या घराचा दरवाजा वाचून आत जाता काय?"

या वेळी खोकल्याचं सोंग कुणी केलं नाही, सगळे उघड हसले. काका हसले नाहीत. ते खुर्चीवरून उठले आणि खाली पाहतच बोलले. "पोरीनं मले इचारून टाकलं होतं ते. मी टाक म्हनलो होतो. रविवारीच सांगाले पायजे होतं, माही हिंमत झाली नाही."

बाबूसिंगनं भागवतरावांकडे पाहिलं.

"बरं झालं," अखेर भागवतराव म्हणाले. "दुरुस्त झालं, चांगलं झालं. आता ते काळं काढून टाक कम्प्युटरातून, इथं सही कर, विषय मिटला. रीत म्हनून."

"काळं नाही काढनार. शाळेतला फळा बी काळाच राह्यते, त्याले कोनी व्हायरस म्हनलं नाही. आन सही बी नाही करनार." ती सतरंजीसमोर येऊन उभी राहिली. "माही चूक चौकटीतल्या एका खुनेची. ती मी माह्या हातानं लिवून देईन, तुमी म्हनसान तं भिंतीवर लावा. पन बिघडवलं, असं नाही लिवनार, कारन ते खोटं हाय. आन हात लावनार नाही, हे तं माह्या जिवात जीव हाय तोवर नाही लिवनार. माह्या आबाजीनं ते वाक्य ऐकून घेतलं, त्याहिले इलाज नव्हता. मले हाय."

तिनं दप्तरातून कोरा कागद काढला, कम्प्युटरच्याच टेबलावर उभ्यानं लिहिला. शनिवारी मी एका चौकटीत चुकून खूण केली, त्यामुळे टेक्स्ट फायलींची प्रिंटची ओळ दिसेनाशी झाली, परीक्षा बुडाली याचं मला वाईट वाटतं, आज ती खूण बदलली, संगणक कधीच बिघडला नव्हता. खाली सही आणि तारीख. सपना दारातून आत आली आणि न विचारता तिच्याखाली सही करून मोकळी झाली. मग बाकीच्या तिघी. सपनाची सही सगळ्यांत मोठी होती, दोन ओळी खाऊन बसलेली.

भागवतरावांनी तो कागद घेतला नाही. मुलींच्या वेळेचं पुढच्या बैठकीत पाहू, एवढं बोलून त्यांनी चपला घातल्या. पुढची बैठक म्हणजे महिना, नाहीतर दोन. बाबूसिंगनं जाता जाता कागद उचलला, वाचला, आणि घडी न करता दौलतसिंगकाकांच्या रजिस्टरात ठेवला.

शनिवारी दोन वाजायला पाच मिनिटं असताना पाचही जणी अभ्यासिकेच्या पायऱ्या चढल्या. भिंतीवर कागद नव्हता, चार कोपऱ्यांना चिकटपट्टीचे तुकडे तेवढे उरले होते. भरतीची दोन पोरं कम्प्युटरवर बसून व्हिडिओ पाहत होती. धम्मदीपा त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली की दोन वाजले. पोरांनी काकांकडे पाहिलं.

"समितीनं अजून हो म्हनलं नाही, बाई," काका म्हणाले.

"नाही बी म्हनलं नाही, काका. मी तिथंच होते."

काकांनी घड्याळाकडे पाहिलं, मग पोरांकडे. पोरांना त्यांनी हातानंच उठवलं, कंडक्टर राखीव जागेवरच्या माणसाला उठवतो तसं. पोरं कुरकुरत उठली. पाच जणींत खुर्च्या तीनच, म्हणून पहिल्यांदा कोण बसणार यावर सपना आणि चंदा यांची लगेच जुंपली. धम्मदीपानं काळी खिडकी उघडली. आजच्या प्रोग्रामात गावातल्या कोणत्या विहिरीला कोणत्या महिन्यापर्यंत पाणी राहतं याची नोंद ठेवायची होती. माहिती मुलींनी आठवडाभर घरोघरी हिंडून वह्यांत आणली होती.

काका थोडा वेळ मागे उभे राहिले. मग दाराकडे गेले, बाहेर रस्त्यावर नजर टाकली आणि परत आले.

"भागवतराव आले तं काय सांगू?"

धम्मदीपानं पडद्यावरची नजर काढली नाही.

"चार वाजल्यावर या म्हनाव."